समुद्राचं पाणी बुडायचं थांबलं तर? अटलांटिकच्या प्रवाहाचा हिशोब

युरोप गोठणार, गल्फ स्ट्रीम बंद पडणार, अमुक वर्षापर्यंत सगळं कोसळणार, अशा बातम्या अधूनमधून झळकतात. या बातम्यांत तीन वेगवेगळ्या गोष्टी एकत्र कालवलेल्या असतात: वाऱ्याने वाहणारा प्रवाह, थंड होऊन बुडणाऱ्या पाण्यावर चालणारं अभिसरण आणि तारखेचा अंदाज. पहिली गोष्ट थांबणार नाही. दुसरी मंदावू शकते आणि एका मर्यादेपलीकडे गेली तर थांबूही शकते. तिसरीवर विसंबावं अशी आज स्थिती नाही. धोका खरा आहे, आणि तो कुठे दडलाय हे समजायला मीठ, घनता आणि शाळेतलं थोडं गणित पुरेसं आहे.

गल्फ स्ट्रीम म्हणजे सगळं नव्हे

गल्फ स्ट्रीम हा अटलांटिकच्या पश्चिम काठाने उत्तरेकडे धावणारा उबदार प्रवाह. तो मुख्यतः वाऱ्यामुळे आणि पृथ्वीच्या फिरण्यामुळे तयार होतो. उष्ण कटिबंधातले व्यापारी वारे पाणी पश्चिमेला लोटतात, मध्य अक्षांशांतले वारे ते पूर्वेला ढकलतात आणि पृथ्वीच्या परिवलनामुळे या चक्राचा पश्चिमेकडचा भाग अरुंद आणि वेगवान होतो. वारे वाहताहेत आणि पृथ्वी फिरतेय तोवर गल्फ स्ट्रीम राहणारच. त्यातलं बरंचसं पाणी पृष्ठभागाजवळच गोल फिरून पुन्हा दक्षिणेला वळतं.

पण एक हिस्सा वळत नाही. तो ईशान्येला आइसलँड, नॉर्वे आणि ग्रीनलँडच्या आसपासच्या समुद्रांकडे जातो, तिथे हवेला उष्णता देऊन थंड होतो, जड होऊन खाली जातो आणि दीड ते चार किलोमीटर खोलीवरून दक्षिणेकडे परततो. वर उबदार पाणी उत्तरेला, खाली थंड पाणी दक्षिणेला, अशा या उभ्या फेऱ्याला अटलांटिक मेरिडिओनल ओव्हरटर्निंग सर्क्युलेशन म्हणतात. आद्याक्षरं जोडून ‘ॲमॉक’. चिंता आहे ती याची.

समुद्री प्रवाह स्वेरड्रुप या एककात मोजतात. एक स्वेरड्रुप म्हणजे सेकंदाला १० लाख घनमीटर पाणी. जगातल्या सगळ्या नद्या मिळून समुद्रात साधारण १.२ स्वेरड्रुप पाणी ओततात. २६.५ अंश उत्तर अक्षांशावर ॲमॉकची सरासरी सुमारे १७ स्वेरड्रुप भरते, म्हणजे सगळ्या नद्यांच्या चौदापट.

उष्णतेचा आकडा आपणच काढू शकतो. वरून जाणारं पाणी खालून परतणाऱ्या पाण्यापेक्षा सरासरी १७ अंशांनी उबदार धरू. एक घनमीटर समुद्राचं पाणी एक अंशाने थंड होताना सुमारे ४१ लाख ज्यूल उष्णता सोडतं. १.७ कोटी घनमीटर गुणिले १७ अंश गुणिले ४१ लाख ज्यूल म्हणजे जवळपास १.२ पेटावॅट, अर्थात १२ लाख गिगावॅट. साऱ्या मानवजातीच्या एकूण ऊर्जावापराच्या साठपटीच्या आसपास उष्णता या एका रेषेवरून सतत उत्तरेकडे जात असते.

पाणी बुडतं ते थंडीमुळे, पण मिठाच्या जोरावर

गोडं पाणी ४ अंशांना सर्वांत जड असतं, त्याखाली थंड केलं की पुन्हा हलकं होतं. समुद्राच्या खाऱ्या पाण्याचं तसं नाही. किलोमागे ३५ ग्रॅम मीठ असलेलं पाणी गोठेपर्यंत, म्हणजे उणे १.९ अंशांपर्यंत, जडच होत जातं. त्यामुळे उत्तरेकडच्या हिवाळ्यात थंड वाऱ्याखाली आलेलं खारं पाणी खाली जाऊ लागतं. उष्ण कटिबंधातल्या २५ अंशांच्या पृष्ठजलाची घनता घनमीटरला सुमारे १,०२४ किलो, तर ३ अंशांवर आलेल्या पाण्याची सुमारे १,०२७.८ किलो. हा साडेतीन-चार किलोंचा फरकच सगळा खेळ चालवतो.

आता पॅसिफिककडे पाहा. त्याच्या उत्तर भागातही कडाक्याची थंडी पडते, पण तिथे असं खोल बुडणं होत नाही, कारण तिथलं वरचं पाणी कमी खारं आहे. किलोमागे ३३ ग्रॅम मीठ असलेलं पाणी गोठणबिंदूपर्यंत थंड केलं तरी त्याची घनता १,०२६.५ च्या आसपासच अडकते. खालच्या पाण्यापेक्षा ते हलकंच राहतं. अटलांटिक अधिक खारा असण्याचं एक कारण व्यापारी वारे. अटलांटिकवरून उठलेली वाफ मध्य अमेरिकेची चिंचोळी भूमी ओलांडून पॅसिफिकवर पाऊस होऊन पडते. पाणी तिकडे जातं, मीठ इकडे उरतं. दुसरं कारण खुद्द ॲमॉक: तो उष्ण कटिबंधातलं खारं पाणी सतत उत्तरेला आणत असतो. हे दुसरं कारण लक्षात ठेवा, पुढचा सगळा धोका त्यातूनच निघतो.

थंडी आणि मीठ यांचं बळ सारखं नाही. २५ अंशांच्या पाण्याचं तापमान एका अंशाने उतरलं की घनता सुमारे ०.३ किलोने वाढते. ५ अंशांच्या पाण्यात तेवढ्याच उतरणीने जेमतेम ०.११ किलो वाढते. याउलट मीठ किलोमागे एका ग्रॅमने घटलं तर घनता ०.७८ किलोने कमी होते, पाणी थंड असो की गरम. थंड समुद्रात म्हणूनच एक ग्रॅम मीठ गेलं तर ते भरून काढायला सात अंशांची थंडी लागते. ध्रुवीय समुद्र गोड्या पाण्याला इतके हळवे आहेत ते यामुळे.

प्रत्यक्ष बुडण्याच्या जागा मोजक्या आहेत: ग्रीनलँड आणि नॉर्वे यांच्यामधले नॉर्डिक समुद्र, ग्रीनलँडच्या आग्नेयेचा इर्मिंगर समुद्र आणि पश्चिमेचा लॅब्राडोर समुद्र. नॉर्डिक समुद्रांत जड झालेलं पाणी ग्रीनलँड आणि आइसलँड यांच्यामधल्या डेन्मार्क सामुद्रधुनीतल्या सुमारे ६०० मीटर खोलीच्या उंबरठ्यावरून ओसंडतं आणि पलीकडच्या उतारावरून ३,००० मीटरपेक्षा खोल कोसळतं. पृथ्वीवरचा हा सर्वांत मोठा धबधबा पूर्णपणे पाण्याखाली आहे. त्यातून सेकंदाला ३० लाख घनमीटर पाणी उतरतं.

खाली गेलेलं पाणी कुठेतरी वर यायलाच हवं. त्यातलं बरंचसं अंटार्क्टिकाभोवतीच्या दक्षिणी महासागरात वर येतं. तिथले जोरदार पश्चिमी वारे पृष्ठभागाचं पाणी बाजूला सारतात आणि त्याची जागा घ्यायला खोल पाणी वर ओढलं जातं. पूर्ण फेऱ्याला हजार वर्षांच्या घरात काळ लागतो. थोडक्यात, ॲमॉकला दोन इंजिनं आहेत, उत्तरेत थंडी आणि मीठ, दक्षिणेत वारा. प्रवाह पूर्ण थांबेल की नाही यावरचा शास्त्रज्ञांमधला आजचा वाद बऱ्याच अंशी या दुसऱ्या इंजिनावर येऊन ठेपतो.

गोड्या पाण्याचं झाकण

शंभर मीटर जाडीच्या समुद्राच्या थरात एक मीटर गोडं पाणी मिसळलं, तर मीठ ३५ वरून ३४.६५ वर येतं. घनता ०.२७ किलोने घटते. ती परत मिळवायला त्या थराला आणखी अडीच ते तीन अंश थंड व्हावं लागेल. हिवाळा तेवढा कडक नसेल तर वरचा थर खालच्यावर तरंगत राहतो आणि खालच्या उबदार, खाऱ्या पाण्याचा हवेशी संबंध तुटतो.

असं घडलेलं पाहायला मिळालं आहे. १९६०च्या दशकाच्या अखेरीस आर्क्टिकमधून, ग्रीनलँड आणि स्वालबार्ड बेटांमधल्या फ्राम सामुद्रधुनीमार्गे, नेहमीपेक्षा खूप जास्त बर्फ आणि गोडसर पाणी अटलांटिकमध्ये उतरलं. जादा गोड्या पाण्याचा अंदाज सुमारे २,००० घनकिलोमीटरचा. लॅब्राडोर समुद्रात तेव्हा ‘ब्राव्हो’ नावाच्या ठाण्यावर हवामान-जहाज उभं असायचं. त्याच्या नोंदी सांगतात की १९६९ ते १९७१ या हिवाळ्यांत तिथलं खोल मिसळणं, म्हणजे थंड झालेलं वरचं पाणी बुडून खालच्यात मिसळणं, बंद पडलं होतं. १९७२चा हिवाळा अतिशय कडक निघाला, तेव्हा ते पुन्हा सुरू झालं. हा गोडसर पट्टा उत्तर अटलांटिकमधून फेरी मारत असताना १९८०च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत माग काढता आला.

ग्रीनलँडचा हिमस्तर २००२पासून उपग्रहांच्या गुरुत्वमापनानुसार वर्षाला सरासरी २७० अब्ज टनांच्या आसपास बर्फ गमावतो आहे. ते पाणी सुमारे २७० घनकिलोमीटर, म्हणजे सेकंदाला साडेआठ हजार घनमीटर भरतं. आठेक वर्षांत त्याचा साठा त्या काळच्या २,००० घनकिलोमीटरच्या बरोबरीला येतो. मग खोल मिसळणं बंद का पडलं नाही? कारण ग्रीनलँडचं वितळपाणी बरंचसं किनाऱ्याला चिकटून वाहणाऱ्या प्रवाहांतच राहतं, बुडण्याच्या मोकळ्या समुद्रात लगेच पसरत नाही. २०१४नंतरच्या काही हिवाळ्यांत तर लॅब्राडोर समुद्रात खूप खोलवर मिसळण झालं. एखाद्या हिवाळ्यावरून निष्कर्ष काढायचा नसतो, तो या कारणाने. शिवाय गोडं पाणी फक्त ग्रीनलँडचं नसतं. तापलेल्या हवामानात उत्तरेला पाऊस वाढतो, नद्या जास्त पाणी आणतात, आर्क्टिकचा तरंगता बर्फ वितळतो आणि वरचं पाणी मुळातच गरम, म्हणजे हलकं होतं. ही सगळी ढकल एकाच दिशेची आहे.

उंबरठा कुठून येतो

अमेरिकी समुद्रशास्त्रज्ञ हेन्री स्टॉमेल यांनी १९६१ मध्ये या प्रश्नाचा सोपा सांगाडा मांडला. दोन टाक्या घ्या. एक उष्ण आणि खारी, दुसरी थंड आणि पावसाचं गोडं पाणी मिळणारी. घनतेतल्या फरकाच्या प्रमाणात दोन्हींमध्ये पाणी फिरतं. थंडी प्रवाहाला पुढे ओढते, उत्तरेच्या टाकीतली मिठाची तूट त्याला मागे खेचते. थंडीची ओढ २० एकक धरू. मग

प्रवाह = २० − मिठाची तूट.

उत्तरेत पडणारं गोडं पाणी तिथलं मीठ पातळ करतं, आणि प्रवाह दक्षिणेतून खारं पाणी आणून ते भरून काढतो. तोल टिकायचा तर

प्रवाह × मिठाची तूट = जादा गोडं पाणी.

आता हे स्वतः करून पाहा. प्रवाह १९, तूट १, तर गोडं पाणी १९. प्रवाह १८, तूट २, गोडं पाणी ३६. प्रवाह १५, तूट ५, गोडं पाणी ७५. प्रवाह १२ आणि तूट ८ होईपर्यंत ९६. ११ आणि ९ म्हणजे ९९. १० आणि १० म्हणजे १००. त्यापुढे काय? ९ गुणिले ११ पुन्हा ९९च. ज्यांची बेरीज २० आहे अशा दोन संख्यांचा गुणाकार १००च्या वर जाऊच शकत नाही. गोडं पाणी १०१ झालं की या टाक्यांना तोल साधता येत नाही. तूट वाढते, प्रवाह मंदावतो, मंदावलेला प्रवाह कमी मीठ आणतो, तूट आणखी वाढते, आणि वाहतं अभिसरण कोसळतं. ही १००ची मर्यादा म्हणजेच उंबरठा.

यातल्या दोन गोष्टी माझ्या मते कुठल्याही तारखेपेक्षा महत्त्वाच्या आहेत. प्रवाहाचं पहिलं एकक कमी व्हायला १९ एकक गोडं पाणी लागलं. शेवटचं, ११ वरून १० वर यायला, फक्त १ पुरलं. म्हणजे बराच काळ प्रवाह ठीक दिसतो आणि उंबरठ्याजवळ अगदी थोड्या भराने घसरतो. आजचा प्रवाह फारसा कमी झालेला नाही, यावरून उंबरठा दूर आहे असं सिद्ध होत नाही. दुसरी गोष्ट परतीची. कोसळल्यानंतर या टाक्यांत उलट दिशेचा मंद प्रवाह चालू होतो आणि मिठाची तूट २०च्या वर जाऊन बसते. गोडं पाणी १०० वरून ८० वर, ५० वर आणलं तरी जुना प्रवाह परतत नाही. या साध्या गणितात तर ते जवळपास शून्यावर आणावं लागतं. ज्या वाटेने पडलो त्याच वाटेने वर चढता येत नाही.

खरा महासागर दोन टाक्यांचा नसतो. त्यात वारे आहेत, भोवरे आहेत, दक्षिणी महासागर आहे, समुद्रतळाचे डोंगर आहेत. पण मीठ आणणारा प्रवाह मंदावला की मीठ घटतं आणि मीठ घटलं की प्रवाह आणखी मंदावतो, हे चक्र गुंतागुंतीच्या संगणकीय प्रारूपांतही दिसतं. वाद आहे तो ते किती जोरदार आहे यावर.

याआधी थांबला होता का?

समुद्रतळाचा गाळ याचं उत्तर राखून आहे, आणि ते वाचण्याची रीत मोठी सुंदर आहे. समुद्राच्या पाण्यात विरघळलेलं युरेनियम सगळीकडे जवळपास सारखं असतं. त्याच्या ऱ्हासातून थोरियम-२३० आणि प्रोटॅक्टिनियम-२३१ हे दोन पदार्थ ठरलेल्या प्रमाणात तयार होतात: प्रोटॅक्टिनियम भागिले थोरियम म्हणजे ०.०९३. थोरियम कणांना चटकन चिकटून काही दशकांत तळाशी जातं. प्रोटॅक्टिनियम शंभर-दोनशे वर्षं पाण्यात रेंगाळतं. खोल प्रवाह चालू असेल तर तो हे रेंगाळलेलं प्रोटॅक्टिनियम दक्षिणेला वाहून नेतो आणि उत्तर अटलांटिकच्या गाळातलं गुणोत्तर ०.०९३च्या बरंच खाली राहतं. प्रवाह थांबला तर दोन्ही तिथेच पडतात आणि गुणोत्तर ०.०९३ला भिडतं.

बर्म्युडाजवळच्या गाळात असं झालेलं दिसतं, साधारण १७,५०० वर्षांपूर्वी, जेव्हा उत्तर अमेरिकेच्या हिमस्तरातून हिमनगांचे तांडे अटलांटिकमध्ये उतरून वितळत होते. सुमारे १२,९०० वर्षांपूर्वी, हिमयुग ओसरत असताना, प्रवाह पुन्हा एकदा क्षीण झाला आणि उत्तर अटलांटिकचा भाग थंड पडला. ‘यंगर ड्रायस’ नावाचा हा काळ ११,७०० वर्षांपूर्वी संपला आणि तो संपताना ग्रीनलँडचं तापमान काही दशकांत सुमारे १० अंशांनी चढलं.

त्या वेळी वितळायला प्रचंड हिमस्तर होते, आज तेवढे नाहीत, त्यामुळे ते जसंच्या तसं आजला लावता येत नाही. पण हा प्रवाह थांबू शकतो, ही नुसती कल्पना नाही.

आज मोजतात कसं

२००४च्या एप्रिलपासून २६.५ अंश उत्तर अक्षांशावर, बहामापासून आफ्रिकेच्या किनाऱ्यापर्यंत, ‘रॅपिड’ नावाची मापनरेषा चालू आहे. एवढ्या रुंद समुद्रात जागोजागी वेगमापक लावणं अशक्य, म्हणून हिशोब तुकड्यांत करतात. फ्लोरिडा आणि बहामा यांच्यामधला प्रवाह समुद्राखालच्या तारेतून मोजतात: खारं पाणी विजेचं वाहक आहे, ते पृथ्वीच्या चुंबकक्षेत्रातून वाहताना तारेत सूक्ष्म विद्युतदाब उमटतो आणि त्यावरून पाण्याचं प्रमाण निघतं. ते उत्तरेकडे सुमारे ३२ स्वेरड्रुप. वाऱ्याने थेट ढकललेलं पाणी उपग्रहाच्या नोंदींवरून, साडेतीनच्या आसपास. उरलेल्या समुद्राच्या दोन टोकांना तळाला नांगरलेल्या उभ्या तारांवर तापमान आणि क्षारता मोजणारी उपकरणं असतात; दोन टोकांच्या घनतेतल्या फरकावरून मधून दक्षिणेला परतणारं वरच्या थरातलं पाणी कळतं, साधारण १८. बेरीज-वजाबाकी केली की उरतात १७-१८ स्वेरड्रुप.

पहिल्याच वर्षी या रेषेने एक मोठा धडा दिला. रोजचा प्रवाह ४ ते ३५ स्वेरड्रुपच्या दरम्यान हेलकावे खात होता! त्याआधी १९५७ ते २००४ दरम्यानच्या अवघ्या पाच जहाजफेऱ्यांच्या आधारे प्रवाह ३० टक्क्यांनी घटल्याचं २००५ मध्ये प्रसिद्ध झालं होतं. एवढे हेलकावे असताना अवघ्या पाच नोंदींवरून कल सांगता येत नाही, हे त्यानंतर स्पष्ट झालं. २००४पासूनच्या सलग नोंदींत थोडी घट दिसते, दशकाला एक स्वेरड्रुपच्या आसपास किंवा त्याहून कमी. २०२४ मध्ये तारेच्या नोंदींत पृथ्वीच्या चुंबकक्षेत्रातल्या बदलाची दुरुस्ती केल्यावर ती आणखी लहान झाली. वीसेक वर्षांच्या नोंदी नैसर्गिक चढउतार आणि तापमानवाढ यांना वेगळं काढायला अपुऱ्या आहेत.

२०१४पासून आणखी उत्तरेला, लॅब्राडोर ते ग्रीनलँड ते स्कॉटलंड, ‘ओस्नॅप’ ही दुसरी रेषा आहे. बुडण्याचा मोठा वाटा लॅब्राडोर समुद्रात नसून ग्रीनलँडच्या पूर्वेला आहे, हे तिने दाखवलं. बऱ्याच प्रारूपांत भर लॅब्राडोरवर होता. कुठल्या समुद्रातलं गोडं पाणी किती घातक ठरेल, हा हिशोब यामुळे नव्याने करावा लागतो.

सलग नोंदींच्या आधीच्या काळासाठी अप्रत्यक्ष खुणा वापरतात. सगळा पृष्ठभाग तापत असताना ग्रीनलँडच्या दक्षिणेचा समुद्र गेल्या शतकात थंड झालेला किंवा जेमतेम तापलेला दिसतो. उत्तरेला उष्णता कमी पोचतेय, हे त्याचं एक स्पष्टीकरण. त्यावरून २०१८ मध्ये एका गटाने विसाव्या शतकाच्या मध्यापासून प्रवाह सुमारे १५ टक्क्यांनी घटल्याचा अंदाज मांडला. मात्र ढग, वारे आणि धूलिकणांचाही त्या थंडपणात वाटा असू शकतो, त्यामुळे हा पुरावा ठोस नसून सूचक आहे.

तारखा आणि टक्के

२०२३ मध्ये कोपनहेगन विद्यापीठातल्या दोन संशोधकांनी २०२५ ते २०९५ दरम्यान, बहुधा शतकाच्या मध्याला, प्रवाह कोसळेल असा अंदाज प्रसिद्ध केला. त्यामागची कल्पना अशी की उंबरठ्याजवळ आलेली व्यवस्था धक्क्यातून सावरायला जास्त वेळ घेते, तिचे हेलकावे मोठे आणि रेंगाळणारे होतात. कल्पना गणिताने पक्की आहे. कमकुवत बाजू दोन: प्रवाहाऐवजी १८७०पासूनचं पृष्ठभागाचं तापमान वापरलं होतं, ज्याच्या जुन्या नोंदी विरळ आहेत, आणि व्यवस्था एका विशिष्ट साध्या समीकरणानेच वागते असं गृहीत धरलं होतं. तारीख त्या गृहीतकावर उभी आहे.

२०२४ मध्ये उट्रेख्त विद्यापीठाच्या गटाने एका संपूर्ण हवामान-प्रारूपात उत्तर अटलांटिकमध्ये अतिशय सावकाश गोडं पाणी वाढवत नेलं. सुमारे १,७५० वर्षांनी, गोडं पाणी अर्ध्या स्वेरड्रुपच्या पुढे गेल्यावर, प्रवाह कोसळला, आणि तो शंभर वर्षांच्या आत. ग्रीनलँडच्या आजच्या वितळीच्या ते साठेकपट आहे, म्हणून या प्रयोगातून तारीख निघत नाही. त्याचं महत्त्व वेगळं: उंबरठा फक्त दोन टाक्यांच्या गणितात नाही, सविस्तर प्रारूपातही आहे, हे त्याने दाखवलं. शिवाय अटलांटिकच्या दक्षिण टोकाशी, ३४ अंश दक्षिणेला, हा प्रवाह गोडं पाणी आत आणतो की बाहेर नेतो ही खूण पाहावी असं सुचवलं. निरीक्षणांनुसार तो आज बाहेर नेतो. प्रवाह मंदावला तर ते गोडं पाणी अटलांटिकमध्येच साचेल.

२०२५च्या फेब्रुवारीत आलेल्या एका अभ्यासाने दुसरी बाजू मांडली. ३४ प्रारूपांत टोकाची तापमानवाढ आणि भरपूर गोडं पाणी लावूनही प्रवाह खूप क्षीण झाला, पण पूर्ण थांबला नाही, कारण दक्षिणी महासागरातले वारे खोल पाणी वर ओढतच राहिले. आयपीसीसी या संयुक्त राष्ट्रांच्या हवामानबदलावरच्या समितीच्या २०२१च्या अहवालानुसार या शतकात प्रवाह मंदावण्याची शक्यता खूपच जास्त आहे. कमी उत्सर्जनाच्या मार्गावर २१०० पर्यंत सरासरी २४ टक्के, अत्यंत जास्त उत्सर्जनाच्या मार्गावर ३९ टक्के घट, आणि दोन्हींभोवती अनिश्चिततेचा मोठा पट्टा. २१००च्या आधी तो अचानक कोसळणार नाही, यावर अहवालाने मध्यम विश्वास दर्शवला. मध्यम विश्वास म्हणजे निश्चिंती नव्हे. ऑक्टोबर २०२४ मध्ये ४४ शास्त्रज्ञांनी नॉर्डिक देशांच्या मंत्रिपरिषदेला पत्र लिहून हा धोका आजवर कमी लेखला गेल्याचं सांगितलं, ते याच संदर्भात.

परिणाम: थंडीपेक्षा पाऊस

वायव्य युरोप थंड होईल हे खरं. उट्रेख्तच्या प्रयोगात युरोपच्या काही भागांत दशकाला ३ अंशांहून वेगाने तापमान उतरलं. पण तो प्रयोग उद्योगपूर्व हवामानात केलेला होता. प्रत्यक्षात ही थंडी तापलेल्या जगावर येईल, त्यामुळे निव्वळ बदल किती हे तोवर जग किती तापलंय यावर ठरेल. आणि युरोपची आजची सौम्य थंडी सगळी या प्रवाहाची देणगी नाही. समुद्रावरून येणारे पश्चिमी वारे आणि समुद्रात साठलेली उन्हाळ्याची उष्णता यांचाही त्यात मोठा हिस्सा आहे. तरी शेतीला फटका जबर बसेल. ब्रिटनवरच्या २०२०च्या एका अभ्यासात, प्रवाह कोसळल्यास शेतीयोग्य जमिनीचा वाटा ३२ टक्क्यांवरून ७ टक्क्यांवर येतो, आणि तो थंडीपेक्षा पाऊस घटल्यामुळे.

उष्ण कटिबंधातला पावसाचा मुख्य पट्टा वर्षभराच्या सरासरीने विषुववृत्तावर नसून थोडा उत्तरेला आहे. हा प्रवाह विषुववृत्त ओलांडून उष्णता उत्तर गोलार्धात नेतो हे त्याचं मोठं कारण. उष्णता दक्षिणेतच अडकली की हा पट्टा दक्षिणेला सरकतो. पश्चिम आफ्रिकेतला साहेलचा पट्टा कोरडा पडतो, दक्षिण आशियाचा मान्सून क्षीण होतो, ईशान्य ब्राझीलमध्ये पाऊस वाढतो, ॲमेझॉनच्या काही भागांत पावसाळा आणि कोरडा ऋतू यांची अदलाबदल होऊ शकते. यालाही भूतकाळाची साक्ष आहे: हिमनगांच्या त्या काळात चीनमधल्या गुहांतले चुनखडीचे स्तंभ क्षीण मान्सून दाखवतात, अरबी समुद्राच्या तळातला गाळही तेच सांगतो, आणि ईशान्य ब्राझीलच्या गुहा त्याच वेळी ओल्या होत्या. पावसाच्या वेळापत्रकावर कोट्यवधी लोकांचं अन्न अवलंबून असताना ‘युरोप गोठणार’ एवढ्यावरच चर्चा थांबते, हे फार खटकतं.

समुद्राची पातळीही बदलते. प्रवाहाच्या जोरामुळे उत्तर अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याकडचं पाणी आज थोडं खाली दाबलेलं आहे. प्रवाह मंदावला की ते वर येतं, बर्फ वितळून वाढणाऱ्या पातळीच्या जोडीला. २००९-१० मध्ये प्रवाह तात्पुरता सुमारे ३० टक्क्यांनी घटला, तेव्हा न्यूयॉर्कच्या उत्तरेकडच्या किनाऱ्यावर पातळी सरासरी १२८ मिलिमीटरने चढली होती. पूर्ण थांबल्यास अटलांटिकच्या काही किनाऱ्यांवर ही वाढ ७० सेंटिमीटर किंवा जास्त असू शकते. खोल समुद्राला ऑक्सिजन कमी मिळतो. हवेतला कार्बन पाण्याबरोबर खाली नेण्याचं काम मंदावतं, म्हणजे हवेत तो जास्त उरतो.

आणि एक धोका यापेक्षा जवळचा आहे. ॲमॉक पूर्ण न थांबताही लॅब्राडोर आणि इर्मिंगर समुद्रांतलं हिवाळी मिसळणं बंद पडू शकतं. टिपिंग पॉइंट, म्हणजे हवामानातल्या अशा उंबरठ्यांवरच्या, २०२२च्या एका मोठ्या आढाव्यात ॲमॉकचा उंबरठा सुमारे ४ अंश तापमानवाढीला धरला आहे, १.४ ते ८ अंश इतक्या रुंद पट्ट्यासह. या उपध्रुवीय समुद्रातल्या मिसळणीचा उंबरठा मात्र १.८ अंशांच्या आसपास, आणि बदल एखाद्या दशकात घडू शकेल असा. १.८ अंश ही जगाच्या सध्याच्या वाटेवर फार दूरची पातळी नाही. नुसतं किती तापलं एवढ्यावरही हे ठरत नाही, किती वेगाने तापलं हेही मोजावं लागतं: तेवढंच गोडं पाणी दोनशे वर्षांत उतरलं तर प्रवाहाला ते दूर वाहून न्यायला वेळ मिळतो, पन्नास वर्षांत उतरलं तर मिळत नाही.